विश्लेषण : जुन्या डिझेल पिकअपवर खर्च कुठे करावा, कुठे हात आखडावा?

नारायणगावचा टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, मुंबईकडे निघालेली पिकअप माळशेज किंवा कसारा घाट उतरते ती हौदा भरलेला असताना. परतीला तोच घाट ती बहुतेकदा रिकामी किंवा अर्धवट भरलेली चढते. म्हणजे देशावरून कोकणात माल नेणाऱ्या गाडीची खरी परीक्षा चढात नसते, ती उतारात असते. गॅरेजमध्ये मात्र मालकाची पहिली तक्रार असते, ‘गाडी ओढत नाही’. मग पंप वाढवून घेतला जातो, पाटे वाढवले जातात, थर्मोस्टॅट काढला जातो, मोठे बल्ब बसतात. दहा-पंधरा वर्षे जुन्या पिकअपवर अशी कामे सर्रास होतात आणि त्यांना ‘सुधारणा’ म्हटले जाते.

यातली बरीच कामे मुळात गाडीची हरवलेली क्षमता परत मिळवण्याची असायला हवीत. ती क्षमता कुठे गळते हे न शोधता वरून ताकद चढवली, तर खर्च दोनदा होतो. काही वेळा त्याची किंमत घाटात मोजावी लागते.

पाटा वाढवला की ब्रेक कमी का होतो?

मागचे पाटे बसले, गाडी मागून खाली झुकली की जादा पाटा टाकून घेण्याची पद्धत आहे. थकलेले पाटे बदलणे किंवा त्यांना पुन्हा कमान देणे हे रास्त काम आहे. कंपनीने दिलेल्या संख्येपेक्षा एक-दोन पाटे जास्त टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. कारण अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे पाट्यांच्या दबण्यावरूनच ठरते.

चॅसिस आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की पाटे दबतात, चॅसिस खाली येते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असताना तो दाब कमी ठेवतो, नाही तर ओल्या रस्त्यावर हलकी झालेली मागची चाके जाम होऊन गाडी फिरेल. गॅरेजच्या भाषेत याला ‘लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह’ किंवा नुसतेच ‘एलएसपीव्ही’ म्हणतात.

आता पाटे वाढवले. दीड टन माल भरला तरी मागची बाजू पूर्वीइतकी दबत नाही. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. त्याच्या लेखी गाडी अर्धी रिकामीच आहे, म्हणून तो मागच्या ब्रेकला कमी दाब देतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो आणि त्या तापतात. माल जास्त आणि ब्रेक कमी, अशी उलटी स्थिती तयार होते. पाट्यांचे कोणतेही काम झाले की या दांडीची सेटिंग पुस्तिकेप्रमाणे पुन्हा करावी लागते, आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. काही जण दांडी तारेने बांधून टाकतात. त्याने भरलेल्या गाडीचा ब्रेक सुधारल्यासारखा वाटतो, पण परतीच्या रिकाम्या फेरीत पावसात मागची चाके आधी घसरतात.

ब्रेकवर घाटात किती भार येतो, याचा हिशेब करता येतो. मालासह ३ टन वजनाची गाडी ३०० मीटर उंची उतरली असे धरले, तर सुमारे ९० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इतक्या उष्णतेत साधारण २५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाते. यातला काही भाग इंजिन, टायर आणि हवा खातात. उरलेला सगळा डिस्क आणि ड्रममध्ये जातो. तिथून ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हे इथे आठवायला हवे. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा धरल्यावर मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. त्याहून जुने ऑइल त्याच्याही खाली जाऊ शकते. ऑइल उकळले की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे हे पिकअपवरचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणता येईल. पुस्तिकेत डॉट-३ किंवा डॉट-४ जे लिहिले असेल तेच वापरावे.

न्यूट्रलमध्ये घाट उतरल्याने डिझेल वाचते का?

नाही. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर चाकांच्या जोरावर इंजिन फिरवते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. जुन्या यांत्रिक पंपात हे काम गव्हर्नर करतो, नव्या इंजिनात संगणक. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते.

इंजिन बंद करून उतरणे तर याहून धोक्याचे. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखी आपसूक व्हॅक्यूम मिळत नाही. ती तयार करायला वेगळा पंप असतो. अनेक जुन्या पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो आणि इंजिनासोबत फिरतो. ब्रेक बूस्टर त्याच्यावर चालतो. इंजिन बंद झाले की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखे होते.

हा पंप थकला आहे का, हे घरीच तपासता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, कडक झाले की तसेच दाबून धरावे आणि गाडी सुरू करावी. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर बूस्टर आणि पंप काम करत आहेत. हलले नाही तर आधी बूस्टरचा होस आणि त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह पाहावा, मग पंप. अल्टरनेटर दुरुस्तीला दिला की हा पंपही उघडला जातो. त्याची ऑइलची नळी आणि सील परत नीट बसले नाहीत तर इंजिनातले ऑइल गळत राहते. अल्टरनेटरचे काम झाल्यावर ब्रेकही तपासावा असे जुने मिस्त्री सांगतात, त्यामागचे कारण हेच.

मग ‘गाडी ओढत नाही’ याचे काय?

इथे आधी गाडी कोणत्या पिढीची आहे ते पाहावे लागते. बीएस-४ निकष २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत आले आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. ढोबळ मानाने, त्याआधीच्या जुन्या पिकअपमध्ये यांत्रिक पंप आणि साधे नोझल सापडतात, तर बीएस-४च्या काळातल्या गाड्यांत कॉमन रेल. यांत्रिक प्रणालीत नोझल काहीशे बार दाबावर उघडतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. पहिली प्रणाली तालुक्याच्या गावचा पंप-नोझलवाला दुरुस्त करू शकतो. दुसरीला स्वच्छ खोली, वेगळे टेस्ट बेंच आणि काही वेळा इंजेक्टरचा कोड संगणकात भरण्याची सोय लागते.

दोन्हींना लागू होणारा पहिला नियम असा की ताकद कमी वाटली तर आधी हवा आणि डिझेल यांचा रस्ता मोकळा आहे का ते पाहायचे. एअर फिल्टर धुळीने भरला आहे का? डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला? टर्बो असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी होस फाटलेत का, क्लिपा सैल आहेत का? होसला छोटी चीर असली तरी दाबलेली हवा तिथून निघून जाते, डिझेल मात्र तेवढेच येते. परिणाम असा की गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते. अशा गाडीचा पंप वाढवणे म्हणजे आधीच हवा कमी पडत असताना आणखी डिझेल ओतणे.

काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचा सील संशयित. पांढरा धूर सकाळी सुरू करताना थोडा वेळ दिसला तर चालतो. गरम इंजिनातही तो टिकला आणि त्याला डिझेलचा वास असला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनकडे पाहावे. वास नसला, पाणी कमी होत असले तर हेड गॅस्केट तपासावे.

पंप वाढवल्याने पहिल्या दिवशी गाडी खरेच जोरात पळते, हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच हे काम इतके लोकप्रिय आहे. पण जादा डिझेलने सायलेन्सरकडे जाणारा वायू जास्त तापतो. लांब चढावर ती उष्णता पिस्टनचा माथा, हेड आणि टर्बो सोसतात. अ‍ॅव्हरेज घटते आणि पीयूसी चाचणीत धूर पकडला जातो. कॉमन रेल गाड्यांवर सेन्सरला फसवणारे डबे बसवतात, त्यांचाही परिणाम याच जातीचा. ईजीआर व्हॉल्व्हला पत्रा लावून बंद करणे हाही असाच शॉर्टकट. व्हॉल्व्ह काजळीने भरला असेल तर काढून साफ करावा, तो बंद करणे म्हणजे प्रदूषण नियंत्रणाची सोयच काढून टाकणे.

सकाळी गाडी उशिरा का उठते?

रात्री बरी उभी केलेली गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, दिवसभर मात्र ठीक चालते. या लक्षणावर बॅटरी बदलली जाते, नोझलही उघडले जातात. पुष्कळदा दोष डिझेल लाइनने हवा धरल्याचा असतो.

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या इंजिन चालू असताना ओढीखाली असतात. अशा नळीला बारीक चीर असली तर बाहेर डिझेल गळत नाही, आत हवा जाते. त्यामुळे जमिनीवर डाग दिसत नाही आणि संशयही येत नाही. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी सेल्फचा पहिला सगळा वेळ ते पुन्हा वर ओढण्यात जातो. तपासायची साधी युक्ती म्हणजे पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडणे. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या दिशेला आहे. बहुतेक वेळा कडक झालेली रबरी नळी, सैल क्लिप, फिल्टरच्या वाटीचे रबर किंवा बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर बदलून काम भागते. तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नयेत. कॉमन रेल गाडीत मात्र पंपाच्या पुढची कोणतीही जोडणी इंजिन चालू असताना सैल करू नये. त्या दाबाची धार कातडीत शिरते.

पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. अर्ध्या टाकीत रात्री दव धरते आणि ते पाणी तळाशी बसते. फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून शुद्ध डिझेल येईपर्यंत पाणी सोडून द्यावे आणि मुक्कामी टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. कॉमन रेल पंपाला आणि इंजेक्टरला पाण्याचे थोडे थेंबही महाग पडतात. डिझेलमध्ये टू-टी ऑइल मिसळण्याची सवय काही चालकांना आहे. गंधक कमी झाल्याने डिझेल ‘कोरडे’ झाले, असा त्यामागचा तर्क. गंधकाची मर्यादा बीएस-४च्या ५० पीपीएमवरून बीएस-६मध्ये १० पीपीएमवर आली हे खरे, पण डिझेलच्या मानकात वंगणक्षमतेचीही अट आहे आणि ती राखायला आवश्यक ते घटक आधीच मिसळलेले असतात. तेच पैसे वेळेवर फिल्टरला घालावेत.

सेल्फच जड फिरत असेल तर बॅटरीआधी अर्थिंग पाहावे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला तर गंजलेली अर्थची केबल वाटेत वीज खाते आहे. नवी बॅटरी घालूनही हा दोष जात नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट कशाला?’ हा सल्ला विदर्भापासून कोकणापर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये काजळी आणि ओलावा वाढतो, लायनर-पिस्टन लवकर झिजतात. त्यातही काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो नसला तर पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तसाच फिरत राहतो आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

गाडी तापत असेल तर रेडिएटरचे झाकण आधी बदलून पाहावे. सुमारे ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून ११८ अंशांच्या आसपास जातो. झाकणाची स्प्रिंग मेली की हा सगळा फायदा जातो. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये टाकू नये, त्यातले क्षार आतल्या नळ्यांत साचतात. पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल हे पुढचे संशयित.

कोणती सुधारणा खरोखर कामाची?

रात्री माल नेणाऱ्यांसाठी पहिली सुधारणा दिव्यांची, पण मोठ्या बल्बची नव्हे. जुन्या गाडीत हेडलाइटची वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून लांब फिरून येते. वाटेत व्होल्टेज पडते. बल्बला १२ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर हॅलोजनचा उजेड जवळपास चौथाईने घटतो. ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर घेतात. त्यांच्या जागी १०० वॅटचे लावले तर विजेचा प्रवाह १६ अँपिअरच्या पुढे जातो आणि त्याच तारांत उष्णता पावणेतीन पटींच्या आसपास वाढते. स्विच वितळतो, तो असा. शिवाय असे बल्ब रस्त्यावर वापरण्यास परवानगी नाही. याऐवजी फ्यूजसह रिले लावून बॅटरीपासून जाड तारेने थेट वीज द्यावी आणि स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे काम ठेवावे. मूळ ५५-६० वॅटचे बल्बही मग वेगळेच दिसतात. हॅलोजनच्या काचेत एलईडी बल्ब घातला तर प्रकाश फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

त्यानंतर मागचा कॅमेरा. बाजार समितीच्या गर्दीत उंच हौद्यामागे काय आहे ते चालकाला दिसत नाही, हमालांच्या दृष्टीने हा खर्च सार्थकी लागतो. हौद्याच्या कडेने रंगीत दिव्यांची माळ हवी असेल तर ती निदान स्वतंत्र फ्यूजवर असावी, टेल लाइटच्या तारेत जोडलेली नसावी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकावरची वजनाची मर्यादा वाढत नाही. इंजिन बदलले तर त्याची नोंद आरटीओत करावी लागते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते.

कुठे थांबायचे?

इंजिन बांधता येते. लायनर-पिस्टन किट, हेडचे काम, नोझल आणि पंप केले की यांत्रिक इंजिन पुन्हा उभे राहते. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. थोडा धूर डोकावणे ठीक. झाकण थडथडत असेल, दमदार वाफ येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे आणि इंजिन काम जवळ आले आहे. कॉमन रेल गाडीत त्याआधी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून कुठला जास्त डिझेल परत सोडतो हे पाहून घ्यावे. त्याने चारऐवजी एकच इंजेक्टर बदलून भागण्याची शक्यता असते.

चॅसिसचे तसे नाही. त्यामुळे इंजिनावर पैसे घालण्याआधी गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन खालून पाहावी. मिरकरवाड्यासारख्या बंदरांवरून मासळी नेणाऱ्या गाड्यांत बर्फाचे खारे पाणी हौद्यातून झिरपून चॅसिसच्या पोकळीत आणि ब्रेकच्या पोलादी नळ्यांवर साचते. वरून रंग चकचकीत असतो, आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. अशा गाडीचा हौदा आणि चॅसिस दर काही फेऱ्यांनी गोड्या पाण्याने धुवावी लागते. खालून जळके ऑइल मारण्याची पद्धत लोखंडाला काही काळ तारते, पण रबरी बुश आणि होस फुगवून खराब करते.

पाट्यांचे हँगर जिथे चॅसिसला रिव्हेट केलेले असतात ती जागा आणि केबिनच्या मागचा भाग तारेच्या ब्रशने घासून उजेडात पाहावा. केसासारखी तडा, रिव्हेटभोवती लालसर पूड किंवा जुन्या वेल्डिंगवर पुन्हा वेल्डिंग दिसले तर इंजिन कितीही गोड वाजत असले तरी त्या गाडीवर नवे किट चढवू नये. हातोडीने हलके ठोकत जावे. शाबूत लोखंड खणखणते, गंजलेले भद्द वाजते.